चिठ्ठीत न निघणारी स्तोत्रं

जय ख्रिस्त मंडळी. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आमच्याकडं बायबलातलं वर्षाचं वचन काढतात. परडीत सुरळ्या करून ठेवलेल्या चिठ्ठ्या असतात, एकेकानं पुढं जायचं आणि एक उचलायची. यंदा माझ्या भाच्याला ९१व्या स्तोत्रातलं निघालं. गडी खूश. चिठ्ठी मोबाईलच्या पारदर्शक कव्हरात घालून फिरतोय. परवा उपासना सुटल्यावर मला दाखवत होता, तेव्हा मी सहज विचारलं, "परडीत अठ्ठ्याऐंशीवं असतंय का रे कधी?"

"त्यात काय आहे?"

"घरला जाऊन बघ."

रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला. "मामा, हे असलं बायबलमध्ये कसं काय?"

त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते वाढतच गेलं. म्हटलं, मग इथंच टाकावं.

परडीवर माझा जुना राग आहे, लपवत नाही. लहानपणी मीही हौसेनं चिठ्ठ्या काढल्यात. आई त्या तांदळाच्या डब्यात जपून ठेवायची. पण स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलातलं स्तोत्रांचं पुस्तक, पुरी वाचायला लागलो आणि लक्षात आलं, की परडीत येतात ती ठरावीक दहा-बारा स्तोत्रांतली वचनं. हिरवी कुरणं, संथ पाणी, डोंगराकडं लावलेली दृष्टी. एकंदर स्तोत्रं १५०, आणि त्यांतला सगळ्यात मोठा गठ्ठा गाऱ्हाण्यांचा आहे. कुणी रडून रडून अंथरूण भिजवतोय, कुणाच्या ताटात जेवलेल्या मित्रानंच त्याच्यावर लाथ उगारलीय, कुणी तोंडावर विचारतोय की देवा, कोठवर विसरणार मला? ही माणसं परडीत शिरत नाहीत. आणि त्या ९१व्या स्तोत्राचंच घ्या. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या ४थ्या अध्यायात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाक म्हणतो, तेव्हा कुठलं वचन दाखवतो? याच स्तोत्रातलं, देवदूत तुला हातांवर झेलतील ते. पुढच्याच वचनात सर्पाला तुडवण्याची गोष्ट आहे, ती मात्र त्यानं सोयीस्कर सोडून दिली. भाच्याला हे सांगितल्यावर त्यानं नुसता डोळे मोठे केलेला इमोजी पाठवला.

आता मी काय करतो ते. ही माझी अक्कल नव्हे. तरुण संघात होतो तेव्हा एका म्हाताऱ्या पाळकांनी शिकवलं होतं, ते आता प्रभूकडं गेलेत. आजची तारीख घ्यायची आणि तीस-तीस मिळवत जायचं. आज २२, म्हणजे २२, ५२, ८२, ११२, १४२. रोज पाच, तीस दिवसांत अख्खी स्तोत्रसंहिता. ११९वं तेवढं बाजूला ठेवायचं, कारण ते १७६ वचनांचं आहे. हिब्रू वर्णमालेतली २२ अक्षरं, प्रत्येक अक्षराला आठ वचनं. ते ३१ तारखेला वाचायचं. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) लोकांच्या प्रार्थनापुस्तकातही महिन्याचीच वाटणी आहे, फक्त ते सकाळ-संध्याकाळ ओळीनं जातात. आणि संत बेनेडिक्टच्या मठांत तर आठवड्यात दीडशे व्हायची. माझ्यासारख्या शिफ्टच्या माणसाला रोज पाच जमत नाहीत. कधी एकच होतं, केएमटीच्या बसमध्ये बसल्यावर, तावडे हॉटेलचा थांबा येईपर्यंत. चालतं. नेम एवढाच, की आपण निवडायचं नाही. जी तारीख, ते स्तोत्र.

इथंच लोक अडतात. "आज माझं मन आनंदी आहे, मी रडकं स्तोत्र का वाचू?" आमच्या शेजारच्या काकू रोज तिन्हीसांजेला हरिपाठ म्हणतात. गुडघा सुजलेला असो, सुनेशी वाजलेलं असो, भिंतीपलीकडून टाळ ऐकू येतोच. मनासारखं असेल तेव्हाच म्हणीन, हा हिशेब त्यांच्या डोक्यात कधी शिरलेला नाही. ही गोष्ट आपण त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही, आपलीच होती ती. आपली मंडळी प्रेस्बिटेरियन (एक प्रॉटेस्टंट पंथ) वळणाची. मिशनरी वाइल्डर साहेब १८५२ला कोल्हापुरात आले, ते ज्या परंपरेतून आले तिथं एके काळी उपासनेत स्तोत्रंच गायची रीत होती, चांगल्या-वाईट दिवसांची सगळी. शिवाय मी आनंदात असलो तरी माझ्या बाकावर पलीकडं बसलेला असेलच असं नाही. त्या दिवशी ते रडकं स्तोत्र त्याच्या वतीनं वाचायचं.

दुसरं, तोंडानं वाचायचं. पहिल्याच स्तोत्रात धन्य पुरुष रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करतो, असं आहे. मनन म्हटलं की आपल्याला डोळे मिटून गप्प बसलेला माणूस दिसतो. पण तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा' आवाजाचा आहे, पुटपुटण्याचा. बायबलातल्या यशयाच्या पुस्तकात हाच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला वापरलाय आणि घुमणाऱ्या पारव्यालाही. म्हणजे ओठ हलले पाहिजेत. बसमध्ये शेजारचा माणूस कधी कधी वळून बघतो. बघू दे. कानात इअरफोन घालून एकटेच बोलणारे बस भरून असतात, त्यातला एक मी.

आईला अक्षरओळख नव्हती, पण १०३वं स्तोत्र तिला अथपासून इतिपर्यंत पाठ होतं. भाकरी थापताना म्हणायची. "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर," इथं भाकरी तव्यावर पडायची. मग वर पाणी फिरवायची, तेवढा वेळ गप्प. मग पुढचा भाग. मला वाटायचं कामाच्या नादात थांबते. फार उशिरा कळलं, की स्तोत्राची घडणच तशी आहे. बहुतेक वचनांचे दोन भाग, दुसरा पहिल्याला उत्तर देतो, नाहीतर तेच जरा फिरवून म्हणतो. आपल्या मराठी बायबलात मधे बहुतेक अर्धविराम असतो. तिथं थांबायचं, श्वास घ्यायचा, मग दुसरा भाग. जुन्या मठांतही मधे असंच थांबायचे. आईनं हे जात्यावरच्या ओवीतून उचललं असणार. आधी दळणाची बाई होती ती. तुम्ही करून बघा. घाई असेल तर त्या अर्धविरामावर लगेच पकडले जाता. (मधे मधे 'सेला' येतो, त्याचा नक्की अर्थ विद्वानांनाही लागलेला नाही, बहुधा थांबण्याचीच खूण असावी. शब्बाथ शाळेत आम्हाला वाटायचं, स्तोत्रकर्ता दावीद राजा मधेच उठून शेला सारखा करतोय.)

वाचून झालं की प्रार्थना वेगळी शोधायची नाही. जे वचन खुपलं तेच आपल्या भाषेत देवाला परत सांगायचं. मी तर कोल्हापुरीतच सांगतो.

९ ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या आठवड्यात पाणी ५५च्या वर गेलेलं. व्हीनस कॉर्नरला बोटी फिरत होत्या. आमचं घर शाहूपुरीत सखल भागात. आम्ही राजारामपुरीत बहिणीकडं, हायवे बंद म्हणून कारखानाही बंद. तारीख ९, म्हणून ९, ३९, आणि मग ६९. देवा मला तार, पाणी गळ्याशी येऊन ठेपलंय, खोल चिखलात रुतलोय, पाय टेकायला ठाव नाही. हे मी शंभरदा वाचलं असेल, दरवेळी अलंकार म्हणून. त्या दिवशी बहिणीच्या पोरांसमोर वाचताना 'चिखल' शब्दापाशी धाकटी म्हणाली, "मामा, आपलं घर लिहिलंय." दहा दिवसांनी दार उघडलं तर आईचा तो तांदळाचा डबा आडवा पडलेला, आतल्या चिठ्ठ्यांचा लगदा झालेला. एकही वाचता येईना.

आता ८८व्याकडं. भाच्या, हे तुझ्यासाठी.

२०१३ साली आई मिरजेला दवाखान्यात होती. महिनाभर. मी रात्री व्हरांड्यात चादर टाकून झोपायचो, खिशात नवा करार आणि स्तोत्रसंहिता असलेली छोटी पुस्तिका. एक दिवस मंडळीतले एक वडील, म्हणजे मंडळीचे एक कारभारी, भेटायला आले. मी बोलता बोलता रडलो. ते म्हणाले, "असं रडताय म्हणजे विश्वास कमी पडतोय. उपकारस्तुती करा, देवानं काय भलं केलं त्याची साक्ष द्या." माणूस वाईट नव्हे. मोसंबी घेऊन आले होते. पण ते गेल्यावर मला प्रार्थनाच करता येईना. तोंड उघडलं की वाटायचं, विश्वास कमी असलेला माणूस बोलतोय.

म्हाताऱ्या पाळकांचा हिशेब मी मधली कितीतरी वर्षं सोडून दिला होता. त्या रात्री काही सुचेना म्हणून तारीख बघितली. २८. २८वं झालं, ५८वं झालं, मग ८८. ट्यूबलाइट फडफडत होती. माझा जीव क्लेशांनी भरलाय, मी अधोलोकाच्या दाराशी आलोय, तू माझ्या ओळखीच्यांना माझ्यापासून दूर केलंस. मी वाट बघत होतो, की आता 'तरी' येईल. बाकीच्या गाऱ्हाण्यांत येतो ना, तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, तरी तुझं स्तवन करीन. १३व्यात येतो, २२व्यात येतो. इथं आलाच नाही. शेवटचा शब्द अंधार, आणि स्तोत्र संपलं. पान उलटून बघितलं, पुढं ८९वं सुरू.

मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. हे कुणीतरी लिहून ठेवलं, मंदिरात गायलं, पिढ्यान्‌पिढ्या जपलं, आणि शेवटी एखादी गोड ओळ चिकटवावी असं कुणालाही वाटलं नाही. आणि हे सगळं अंधारात ओरडणं आहे कुणाला? "हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा," अशी सुरुवात आहे. पाठ फिरवून गेलेला माणूस असं बोलत नाही. आईशी भांडायचं तर आईच्याच दारात जावं लागतं. तुकोबा विठ्ठलाशी असंच भांडलेत, आणि ना. वा. टिळकांनी तर म्हणून ठेवलंय की ते तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आले. खुद्द प्रभूनं वधस्तंभावर काय म्हटलं? आजचंच, २२वं. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" त्याला कुणी म्हणालं नाही, की साक्ष द्या.

आई त्यानंतर चार दिवसांनी, २ तारखेला गेली. तेव्हापासून हिशेब सुटलेला नाही. मधे खंड पडतात, पण परत त्या त्या तारखेला येऊन मिळतो. फाउंड्रीत असल्यानं १२व्यातली ओळ मला आवडते, वचनं मुशीत सात वेळा शुद्ध केलेल्या रुप्यासारखी आहेत ती. आमचे हुपरीचे पाहुणे चांदीच्या कामातले, त्यांना विचारलं तर हसले. म्हणाले, "सात वेळा? मग घट किती धरायची?"

एक राहिलं. शापांची स्तोत्रं. ५८, ६९मधली २२ ते २८ वचनं, १०९, १३७. इनबॉक्समध्ये कुणीतरी विचारणारच, ती पण वाचायची का? येशूनं शत्रूवर प्रीती करा म्हटलंय ना?

म्हटलंय. म्हणूनच वाचायची, असं माझं मत आहे, आणि पाळकांचं मत वेगळं असू शकतं. काही वर्षांपूर्वी मी नोकरीच्या जोडीला एका ओळखीच्या माणसाबरोबर छोटं, ओतकामाच्या पॅटर्नचं वर्कशॉप काढलं होतं. पैसे माझे, सह्या त्याच्या. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. मी त्याला माफ केलंय असं सगळ्यांना सांगायचो, प्रार्थना सभेतही सांगितलं, लोक "आमेन" म्हणाले. आणि रात्री पडल्या पडल्या त्याच्या दारात जाऊन काय काय बोलायचं याची उजळणी करायचो.

मग १९ तारीख आली. १९, ४९, ७९, १०९. मी ते त्या रात्री मोठ्यानं वाचलं, दार लावून. अगदी दात-ओठ खाऊन. त्याचे दिवस थोडे होवोत. वाचलं. त्याचा हुद्दा दुसरा घेवो. ते तर चवीनं वाचलं. पुढचं वचन त्याची मुलं पोरकी होवोत असं आहे, आणि तिथं जीभ अडली. त्याची धाकटी मुलगी आमच्याकडं यायची, आमच्या हिच्या हातचं आंबील लई आवडायचं तिला. मी तिला नावानं ओळखतो. बराच वेळ पुस्तक तसंच हातात धरून बसलो. पुढचं वाचता येईना आणि मिटवताही येईना.

पैसे आले नाहीत. तो दिसला तर अजून रस्ता ओलांडतो, मी पण ओलांडतो. पण १९ तारीख दर महिन्याला येते, आणि मी १०९वं सोडत नाही. त्या वचनाशी आलो की थांबतो, आणि ते न वाचता त्या पोरीचं नाव घेतो. यंदा दहावीला आहे ती.