कोच नेमताना गुरुवारचं विचारा

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक वसाहतींना वेगवेगळे वार वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. छोटा कारखाना असेल आणि बिझनेस कोच नेमायचं मनात असेल, तर त्याची परीक्षा इथूनच सुरू करा. गुरुवारचं त्याला आधीच माहीत असेल, तर हा माणूस कधीतरी टी ब्लॉकच्या टपरीवर चहा प्यायलेला आहे, कदाचित त्याने स्वतः लेथही चालवलाय. असला माणूस चुकूनही नेमू नका. तो आल्या आल्या कूलंट कितीला घेता, टर्निंगचं भंगार कोणत्या भावाने घालता, रिजेक्शन किती निघतं, असलं काहीबाही विचारतो आणि दिवस खराब करतो.

माझ्या कोचने शिबिर रविवारी ठेवलं. रविवारी आमच्याकडे दोन्ही मशिनं चालू असतात. मी शटर ओढून गेलो. एक दिवसाचं जॉबवर्क बुडालं म्हटल्यावर सर म्हणाले, "वाह! तुमची गुंतवणूक सुरू झाली." मला तेव्हाच कळलं की माणूस मोठा आहे.

सुरुवात नेहमी ९९ रुपयांच्या वेबिनारने करावी. नव्व्याण्णव रुपयांत काय जातंय, असं घरी सांगता येतं. तिथून ४,९९९ चं शिबिर, आणि शिबिरात दुपारच्या जेवणानंतर, डोळे जड झालेले असताना, वर्षभराच्या कोचिंगचा फॉर्म. फॉर्म जेवणाआधी देणारा कोच नवशिका समजावा. हॉलमध्ये एसी इतका हवा की खिशातून हात बाहेर काढावासा वाटू नये, आणि "कसं वाटतंय?" असं विचारल्यावर दोनशे माणसांनी "जबरदस्त!" म्हणून ओरडलं पाहिजे. माझ्या शेजारी चाकणचा एक पॅकिंगवाला बसला होता. त्याच्या खात्यातून त्याच सकाळी कर्जाचा हप्ता परत गेला होता. तोही ओरडला, माझ्यापेक्षा मोठ्याने.

शिबिरानंतर कोच वर्कशॉपवर येतो. हा दिवस मात्र घरच्यांनाही बघू द्या. सरांनी आमचा ऑर्गनायझेशन चार्ट काढला. अकरा चौकोन निघाले. आम्ही माणसं चार. सहा चौकोनांत माझं नाव, फायनान्स आणि एचआरमध्ये बायकोचं, प्रॉडक्शन आणि क्वालिटीत टर्नर मामांचं. हेल्परच्या वाट्याला काहीच येईना म्हणून त्याला रिसर्च अँड डेव्हलपमेंट दिलं. तो पोरगा आठवडाभर खूश होता. मामांनी चार्ट नीट बघितला आणि विचारलं, "म्हणजे माझंच काम आता मीच पास करायचं का?" हे गेली वीस वर्षं तसंच चाललंय, पण चौकोनात लिहिल्यामुळे त्यांना पहिल्यांदा खटकलं. प्रगती म्हणतात ती हीच.

मग फाइव्ह-एस. कामाची जागा आवरून वस्तू जागच्या जागी ठेवायची ही जपानमधून आलेली उत्तम पद्धत आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही. हत्यारं जागेवर असली की हात वाचतो. आम्ही भिंतीवर पिवळा बोर्ड लावला, त्यावर प्रत्येक पान्याची आकृती काळ्या रंगात काढली. बघितल्याबरोबर कळतं की कुठला पाना जागेवर नाही. आमच्या बोर्डावर १८-१९ च्या पान्याची आकृती कायम मोकळी असते, कारण तो शेजारच्या गाळ्यात असतो. त्यांचा टॅप सेट आमच्याकडे असतो. या व्यवहाराला बोर्डावर जागा नाही. सरांनी त्या मोकळ्या आकृतीचा फोटो काढला आणि शेऱ्यात "शिस्तीचा अभाव" असं लिहिलं.

आता महत्त्वाचं. कोचला पेमेंटबद्दल विचारू नका. मी विचारलं, आणि भर वर्गात लाज गेली. माझी एक पार्टी १२० दिवस झाले तरी बिल काढत नव्हती. सर म्हणाले, "तुम्ही पैशाच्या मागे धावता म्हणून तो पळतो. आधी मनाने श्रीमंत व्हा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

वास्तविक यावर कायदा आहे, २००६ चा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रारीला ऑनलाइन सोय आहे, २०१७ मध्ये समाधान नावाने सुरू झालेली. पुढे असे वाद सोडवणारी सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिल, आणि तिने ९० दिवसांत निकाल द्यावा असं खुद्द कायद्यातच लिहिलंय. एवढं सगळं तुम्हाला फुकट वाचता येतं, म्हणूनच ते कोर्समध्ये नसतं. कोर्समध्ये असते ती उद्यम नोंदणी, म्हणजे आपण लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद. सरकारी पोर्टलवर तिला एक रुपया लागत नाही, माझ्या पॅकेजात ती "विशेष सवलतीत" २,५०० रुपयांना होती.

पण सरांवर अन्याय नको. कायदा वापरून बघितलेले लोकही मी बघितलेत. तक्रार टाकली की बिल निघतं, पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, मात्र निघत नाही. एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियम आला की आम्हा छोट्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत मोठ्यांना तो खर्च वजा दाखवता येणार नाही. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. तेवढ्यात एका मोठ्या पार्टीच्या पर्चेसमधून फोन आला, आवाज अगदी घरच्यासारखा: "दादा, तुमची ती उद्यम नोंदणी काढून टाकता आली तर बघा ना." म्हणजे आम्ही लघु उद्योगच राहिलो नाही, तर उशीरही उशीर राहणार नाही. त्या तुलनेत मनाने श्रीमंत होणं सोपं आहे आणि हॉलमध्ये दोन वेळा चहाही मिळतो.

सरकारी प्रशिक्षणाच्या नादी मात्र लागू नका. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून आहे, जिल्हा उद्योग केंद्रं तर १९७८ च्या सुमाराची. तिथे पंख्याखाली बसवून प्रोजेक्ट रिपोर्ट आणि खेळतं भांडवल शिकवतात. कोणी ओरडायला लावत नाही. घरी आल्यावर सांगायला काही उरत नाही.

राहता राहिली कोचची फी. ती शंभर टक्के आगाऊ, वर १८ टक्के जीएसटी, आणि परतावा नाही. मी हप्ते मागितले, त्यांनी मोठ्या मनाने तीन करून दिले. दुसरा हप्ता चार दिवस लांबला, तर पाचव्या दिवशी सकाळी नऊला त्यांच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला. अकराला परत. दुपारी व्हॉट्सअ‍ॅप, संध्याकाळी पुन्हा फोन, आणि प्रत्येक वेळी आवाजात तोच गोडवा. सहाव्या दिवशी मी पैसे भरले. इतक्या वर्षांत इतकी चोख वसुली मी पाहिली नव्हती. मी तिला म्हटलं, "ताई, आमच्याकडे येता का? एकच पार्टी आहे, १२० दिवसांची."

ती हसली. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "सर, तुमच्याकडे पगार किती तारखेला होतो?"