सोलकढी फिकट म्हणून दोन स्टार, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत त्याबद्दल काही म्हणणं नाही, जेवून गेलात, पैसे दिलेत, तुमचा हक्क आहे तो. पण तुम्ही लिहिलंय की "सोलकढी फिकट, पातळ आणि फाटल्यासारखी होती, गोडवा अजिबात नाही, मुंबईत यापेक्षा छान गुलाबी मिळते, मालवणात येऊन ५० रुपयांना हे?" आणि वर सुरमई नव्हती, पार्सल दिलं नाही. ह्याचं उत्तर इथेच सगळ्यांसमोर देतोय, कारण हाच प्रश्न आमच्याकडे सीझनला रोज कोणीतरी विचारतं.

रंगाचं आधी सांगतो. आमच्या सोलकढीत रंग येतो तो फक्त आगळाचा. रातांबे म्हणजे कोकमाची फळं एप्रिल-मे मध्ये पिकतात, ते फोडून मिठात मुरवायचे, त्याला जो रस सुटतो तो गाळून बरणीत भरायचा, तेच आगळ. नुसतं आगळ बघाल तर गडद लाल, काळपटाकडे झुकणारं असतं. पण ते नारळाच्या रसात पडलं की त्याचा आंबटपणा उतरतो आणि त्याबरोबर रंगही बदलतो, लालाचा फिका जांभळट गुलाबी होतो. कोकमाचा रंग आंबटपणावर चालतो, आंबट जास्त तेवढा लाल, कमी झाला की जांभळट. म्हणजे तुम्हाला दिसला तो रंग बरोबर होता ताई. राणी गुलाबी हवा असेल तर बीट घालावं लागतं नाहीतर खायचा रंग, बऱ्याच ठिकाणी घालतात आणि लोकांना आता तोच रंग ओळखीचा झालाय. आम्ही घालत नाही, घालणारही नाही, मग स्टार किती पण येऊदे. अजून आगळ ओतून लाल करता येते पण मग ती एवढी खारट-आंबट होते की दुसरा घोट घेववत नाही.

आता घट्टपणा आणि ते "फाटल्यासारखी". सकाळी नारळ फोडून, खोवून, लसूण आणि हिरवी मिरची घालून वाटायचं, कोमट पाणी घालून पंच्यातून पिळायचं. पहिला रस घट्ट निघतो, मग तोच चोथा परत वाटून दुसरा रस काढतो, दोन्ही एकत्र करून त्यात आगळ. बस एवढंच. ह्यात कॉर्नफ्लॉवर नाही, पावडरचं नारळ दूध नाही, त्यामुळे ग्लास दहा-पंधरा मिनिटं टेबलावर राहिला की नारळाचा स्निग्ध भाग वर येतो आणि खाली पातळ जांभळट पाणी दिसतं. ती फाटलेली नाही, चमच्याने ढवळली की परत एकजीव होते. माझी आई अजूनही ग्लास ठेवताना "ढवळून प्या हां" सांगते, आणि तुम्ही पातळ म्हणताय तर सांगतो, सोलकढी ही जेवताना भातावर ओतून खायची आणि शेवटी प्यायची, ती मिल्कशेकसारखी जाड झाली तर तिखट कालवणानंतर पोटाला हलकं वाटणार कसं? बिना नारळाची पातळ असते ती तिवळ, ती वेगळी, ती पण आम्ही करतो कोणी सांगितलं तर.

गोडवा नव्हता हे तर खरंच आहे, कारण साखर नव्हती. साखर असते ती अमृत कोकमात, ते सरबत. काही ठिकाणी ते सिरपच नारळाच्या रसात घालून देतात म्हणून गोड लागते, मला ते पटत नाही पण ज्याची त्याची आवड.

आणि ५० रुपये. नारळाचा भाव आता काय आहे ते बाजारात बघताच तुम्ही. कोकमाचं पण सांगतो, लोकांना वाटतं झाडाखाली पडलेलं असतं उचलून आणायचं. सगळं काम पावसाच्या आधी उरकावं लागतं, आमसुलं वाळवायला कडक ऊन लागतं, रातांब्याची सालं त्याच्याच रसात भिजवायची, वाळवायची, परत भिजवायची. २०२५ ला पाऊस २५ मे लाच तळकोकणात उतरला, त्याच्या आधीपासूनच सरी सुरू होत्या, भर हंगामात झाडावरचे रातांबे गळून कुजले, वाळत घातलेलं भिजलं. ज्यांच्याकडून आम्ही आगळ घेतो त्या वाडीतल्या बायकांचं वर्षाचं उत्पन्न असतं हे, त्यांच्याशी आम्ही भाव करत नाही. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा अभिमान आहे आम्हाला, पण ग्लासात स्वस्तातलं लाल पाणी दिलं तर त्या जीआयचा काय उपयोग.

सुरमई. तुम्ही जुलैमध्ये आलात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते, माशांचा विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला. त्या दिवसात जी सुरमई मिळते ती बर्फातली, आम्ही ती ठेवत नाही. खाडीचे मासे, खेकडे, सुक्या बांगड्याची चटणी होती आणि ते तुम्हाला ऑर्डर घेतानाच सांगितलेलं. नारळीपौर्णिमेनंतर या, ताजं मिळेल.

राहिलं पार्सल. आमचा पोरगा उर्मटपणे नाही म्हणाला असं तुम्ही लिहिलंय, मी काउंटरलाच होतो, तो म्हणाला "मुंबईपर्यंत टिकणार नाही मॅडम". ओल्या नारळाचा रस आहे तो, गाडीत आठ-दहा तास उकाड्यात राहिला की आंबतो, वास मारतो. तुमच्या घरी लहान मुलं आहेत, तुम्हीच बोललात, त्यांच्या पोटात गेलं असतं तर? ५० चे २५० झाले असते आमचे, पण त्याने नाही म्हटलं आणि मी त्याच्याच बाजूने आहे.

त्याऐवजी तुम्ही आगळाची बाटली घेऊन गेलात ना, मग घरीच करा. एक मोठा नारळ, दोन-तीन लसूण पाकळ्या, अर्धी हिरवी मिरची, वरच्यासारखं वाटून दोनदा रस काढा, चार ग्लास होतात. आगळ एकदम ओतू नका, एक-एक चमचा घालून चव बघत जा, चारपाच चमच्यात होतं. मीठ आधी अजिबात नको, आगळातच भरपूर असतं, लागलं तर शेवटी चिमूटभर. वरून कोथिंबीर. अॅल्युमिनियमचं किंवा पितळेचं भांडं वापरू नका, स्टील नाहीतर काच. फ्रीजमध्ये ठेवली तरी त्याच दिवशी संपवा, आणि काही अडलं तर बाटलीवर आमचा नंबर आहे, दुपारी चारनंतर फोन करा, आई सांगेल नीट.