एकही ओळ न लिहिता गीतकार कसं व्हावं?

गीतकार व्हायचंय? मग लिहायच्या भानगडीत पडू नका. शब्द जुळवा, चालीत बसवा, खोडा, परत लिहा... सांगितलीय कुणी ही हमाली? त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या मॉरिस लेव्ही या रेकॉर्ड कंपनीवाल्याला गुरू करा. ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’ हे १९५६ सालचं गाजलेलं डू-वॉप, म्हणजे चार-पाच गळ्यांनी मिळून गायचं, गाणं तयार होताना हा गृहस्थ आसपासही नव्हता. तरी गाण्याखाली गीतकार म्हणून नाव कुणाचं? त्याचंही!

सुरुवात पोरं शोधण्यापासून करा. हौशी हवीत, कोवळी हवीत आणि घरचं कुणी कागदपत्रं वाचणारं नको. न्यूयॉर्कमध्ये अशी पाच जणं एकत्र गात होती: हर्मन सांतियागो, जिमी मर्चंट, जो नेग्रोनी, शर्मन गार्न्स आणि तेरा वर्षांचा फ्रँकी लायमन. वाद्यांचं काम गळ्यानंच भागवायचं. गाण्याच्या सुरुवातीचा गार्न्सचा खर्जातला तुकडा ऐका, तिथं ठेका धरायला दुसरं काही का लागलं नाही ते कळेल. शेजारच्या एकानं आपल्या मैत्रिणीची प्रेमपत्रं पोरांना वाचायला दिली होती, त्यातल्या एका ओळीवरून गाणं सुचलं, असं ती सांगत. गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत सहाव्या.

मग नावं गाळा. एकदम नको, हळूहळू. आधीच्या तबकड्यांवर लायमन आणि सांतियागोबरोबर रेकॉर्ड कंपनीचा मालक जॉर्ज गोल्डनर येऊन बसला, नंतर सांतियागोचं नाव गेलं. गोल्डनरला घोड्यांचा नाद. त्यापायी त्यानं आपल्या कंपन्या लेव्हीला विकल्या. टेबल-खुर्च्यांबरोबर गीतकारपणही विकलं गेलं, बहुधा.

खरा गायक लवकर मेला, तर फारच सोय होते. (लायमन १९६८ साली गेला, हेरॉइनच्या अतिसेवनानं, पंचविसाव्या वर्षी.)

पुढे १९८१ मध्ये डायना रॉसनं तेच गाणं गायलं, पुन्हा पैसा दिसू लागला आणि लायमनची कायदेशीर विधवा आपणच, असं म्हणत तीन बायका कोर्टात उभ्या राहिल्या. तुम्ही मात्र डगमगू नका. गाणी कशी लिहिता, असं वकिलानं विचारलंच, तर लेव्हीसारखं सांगा: जमायचं, ठेका धरायचा, शब्द नि सूर एकत्र करायचे. आणि वर नम्रपणे जोडा, की थोर संगीतकार शोपँसारखं लिहितो म्हटलं तर ती दिशाभूल होईल. काय हा विनय!

विनयावरून आठवलं. आमच्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव नुकताच झाला. स्वागतगीत मी लिहिलं. पेटी वाजवणाऱ्या बाईंसमोर बसून मात्रा जुळवल्या, दुसरं कडवं त्यांच्या सांगण्यावरून अख्खं बदललं. पत्रिकेत छापून काय आलं? ‘संकल्पना व गीत: मा. अध्यक्ष’. अध्यक्षांनी गीत पहिल्यांदा ऐकलं ते रंगीत तालमीत, तेही फोनवर बोलता बोलता! माझं नाव शेवटच्या पानावर, आभारात, मंडपवाले आणि पाण्याचे जारवाले यांच्या मधोमध. बाईंचं तर तिथंही नाही. विचारलं, तर म्हणे, “अहो, गाणं सगळ्यांचंच आहे, नावाचं काय घेऊन बसलात?” मग तुमचं कशाला घातलंत? नावाचं काही नाही ना? मग ते तेवढ्या जाड टायपात, फोटोसकट, कशाला? आणि बाकीची समिती माना खाली घालून भजी खातेय! “जाऊ द्या हो, मोठा माणूस आहे.” मोठा माणूस आहे म्हणूनच जाऊ देत नाही!

असो. सल्ला चालू होता. शेवटचं पथ्य: वेळ काढा. सांतियागो आणि मर्चंट अखेर कोर्टात गेले, १९९२ मध्ये ज्युरीनं गाणं त्यांचंही असल्याचा कौल दिला आणि १९९६ मध्ये वरच्या कोर्टानं तो फिरवला. का? तर तीन वर्षांच्या मुदतीत यायला हवं होतं. लेव्हीनं धमकावलं होतं, हे सांगून काही उपयोग झाला नाही. हा लेव्ही खंडणीच्या कटात १९८८ साली दोषी ठरलेला माणूस! तुरुंगात जायच्या आधी १९९० मध्ये मेला. त्याच्यापुढं जाऊन मुदतीत भांडायचं होतं त्या पोरांनी?

नाही जमत मला आता हे गमतीत लिहायला. ही चोरी आहे. तिकडे केली तरी चोरी आणि इकडे हार घालून केली तरी चोरीच. आणि तुम्ही, जे टाळ्या वाजवता, “गायलं छान” म्हणून घरी जाता, कुणी लिहिलं ते विचारतही नाही, तुमच्याच जिवावर हे चालतं. नाव घ्यायला जमत नसेल, तर दुसऱ्याचं गाणं वापरू नका. बसा आणि स्वतः लिहा दोन ओळी.