नऊ खुर्च्यांच्या दुकानातले दहावे गिऱ्हाईक

आपण नोकरीनिमित्त टोकियोत राहत असाल, बाळ आठ महिन्यांचे झाले असेल आणि त्याच्या जन्मापासून बाहेर एकदाही निवांत जेवता आले नाही अशी खंत आपल्याला वाटत असेल, तर ज्या ठिकाणी इतर सगळे निवांत जेवत आहेत असे एखादे दुकान गाठावे. फॅमिली रेस्टॉरंटकडे चुकूनही वळू नये. तिथे बाळासाठी उंच खुर्ची असते, वाढप्याला बोलवायला टेबलावर बटण असते आणि शेजारी दुसऱ्या कोणाचे तरी मूल आधीच भोकाड पसरून बसलेले असते. अशा गर्दीत आपल्या बाळाचा आवाज उठून दिसत नाही. त्यापेक्षा गल्लीच्या टोकाचे, दारावर निळा नोरेन, म्हणजे कापडी पडदा, टांगलेले, एका काउंटरला नऊ खुर्च्या असलेले आणि एका वयस्क सुशीवाल्याच्या दोन हातांवर चालणारे दुकान निवडावे.

जागा राखून ठेवण्यासाठी फोन करताना ‘दोन जण’ एवढेच सांगावे. यात खोटे काही नाही, कारण बाळ खुर्ची अडवत नाही, फक्त दुकान अडवते. बोलण्याच्या ओघात बाळाचा उल्लेख झालाच, तर मालक दातांच्या फटीतून हवा आत ओढतील आणि ‘चोत्तो…’ एवढेच म्हणून वाक्य अर्धवट सोडून देतील. या शब्दाचा अर्थ ‘थोडेसे’ असा असून असे अर्धवट सोडलेले वाक्य म्हणजे सभ्य नकार असतो, असे जपानी शिकवणारे सांगतात. आपण मात्र मराठी कानावर विश्वास ठेवावा. आपले दुकान छोटे आहे, असेच ते सांगत असणार. तेव्हा बाळही छोटेच आहे, अशी त्यांची समजूत घालावी आणि ते पुढे काही बोलण्याच्या आत फोन ठेवावा.

संध्याकाळी साडेसहाला, बाळाची झोपेची वेळ झाल्यावर, पोहोचावे. बाबागाडी घडी न करता आत न्यावी आणि खुर्च्यांमागच्या चिंचोळ्या वाटेत उभी करावी, म्हणजे स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या प्रत्येकाची बाळाशी आपोआप ओळख होते. त्यांच्यापैकी एखादी वयस्कर बाई ‘कावाई’, म्हणजे ‘किती गोड’, म्हणाली, की तो पुढच्या दोन तासांचा परवाना समजावा. हात पुसायला दिलेल्या गरम ओशिबोरीने आधी बाळाचे नाक पुसावे आणि आणखी चार मागवाव्यात.

आता जेवणाकडे वळू. या दुकानातल्या सूपचा पाया म्हणजे दाशी: कोम्बु नावाचे समुद्री शेवाळ आणि वाळवून तासलेला कात्सुओ मासा यांचा अर्क. त्याचा गंध इतका हलका असतो, की सुशीच्या काउंटरला अत्तर लावून बसणेसुद्धा अशिष्ट मानले जाते. हाच क्षण साधून घरून आणलेला डबा उघडावा. हिंगाची फोडणी दिलेले वरण आणि मऊ भात यांचा दरवळ नवव्या खुर्चीपर्यंत गेला, की डबा गरम करून देण्याची विनंती करावी. मालकांनी मान तिरकी केली, तर त्यांना आपल्याकडच्या उष्टावणाचे महत्त्व समजावून सांगावे. जपानमध्येही ओकुइझोमे नावाचा असाच विधी असतो. त्यात शंभर दिवसांच्या बाळाच्या ओठांना डोके-शेपटीसह भाजलेला ताई नावाचा मासा नुसता लावतात. म्हणजे मोठ्या समारंभातही इथले बाळ काही खात नाही आणि सांडतही नाही, पण हा तपशील आपल्या मुद्द्याला सोयीचा नसल्याने गाळावा.

तुमच्यासाठी बनवलेली सुशी समोर आली, की ती लगेच खाण्याची रीत आहे, कारण भाताची ऊब त्या कारागिराने हातात जोखलेली असते. आपण तेवढ्यात पुण्याला व्हिडिओ कॉल लावावा. तिथे दुपारचे तीन वाजलेले असतात आणि आजींची वामकुक्षी नुकतीच लागलेली असते. मोबाईलचा आवाज पूर्ण ठेवला, तर ‘अगं, त्याला कच्चा मासा देऊ नकोस हो!’ हा त्यांचा सल्ला सगळ्या दुकानाला ऐकू जातो. दुर्दैवाने, त्या दोन तासांतले एकमेव शहाणपणाचे वाक्य कळणारे तिथे आपल्याशिवाय कोणी नसते.

बाळ रडू लागल्यास बाहेर जाऊ नये, बाहेर थंडी असते. शेजारच्या खुर्चीवर साके पीत बसलेल्या एकट्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले, तर 2024 साली जपानमधल्या जपानी बाळांच्या जन्मांची संख्या सात लाखांच्याही खाली गेली, याची त्यांना आठवण करून द्यावी. ज्या देशात मुलांचा आवाज इतका दुर्मीळ झाला आहे, तिथे तो फुकट ऐकवणे ही सेवाच आहे. आई-वडील दोघेही परदेशी असले, तर इथे जन्मूनही बाळाला जपानी नागरिकत्व मिळत नाही, हे मात्र त्यांना सांगत बसू नये.

रडे थांबवण्यासाठी बाळाच्या हातात जेवणाच्या काड्या द्याव्यात. ते त्या भाताच्या वाटीत उभ्या खोचेल. मृतासमोर ठेवायच्या भातात काड्या अशा उभ्या खोचतात, त्यामुळे जेवताना तसे करणे इथे फार अशुभ मानतात. आपल्या पंगतीत कोणी पिंड मांडावा, त्यातलाच हा प्रकार. बाळाला हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असते तरी त्याने तेच केले असते. दुकानात एकदम शांतता पसरेल. त्या संध्याकाळची ती पहिलीच शांतता असल्याने तिचा लाभ घेऊन दोन घास खाऊन घ्यावेत.

निघताना जमिनीवरची शिते वेचू नयेत, त्याने मालकांना संकोच वाटतो. इथे टिप देण्याची पद्धत नाही, त्यामुळे प्रायश्चित्ताचा तो मार्ग आपोआपच बंद आहे. मालक आपल्याला पोहोचवायला बाहेर येतील आणि आपण गल्लीच्या वळणाशी पोहोचेपर्यंत कमरेत वाकून उभे राहतील. वळणावर एकदा मागे पाहावे. अजून नऊही वाजलेले नसताना ते नोरेन काढून आत नेताना दिसतील. वयोमानाने त्यांना आता लवकर थकवा येतो, असे एकमेकांना हळहळून सांगावे आणि पुढच्या शुक्रवारची जागा उद्याच फोन करून राखून ठेवावी.