‘व्हई जाई’ म्हणत स्क्रू आवळणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याची आयटीआयची पोरं चाकणला, नाशिकला असेंब्ली लाइनवर जातात. आपल्याकडे फिटर वेगळा, इलेक्ट्रिशियन वेगळा. तिथे एकाच टेबलावर बेअरिंगही बसवायचं आणि हार्नेसही (तारांची जुडी) जोडायचा. अशा वेळी ‘हात बसला की जमतं’ हा सल्ला निव्वळ नुकसानीचा आहे.

मल्टिस्ट्रँड, म्हणजे अनेक बारीक तंतूंच्या तारेचंच घ्या. टोकाला सोल्डर चढवून ते स्क्रू टर्मिनलमध्ये आवळायची सवय सगळीकडे दिसते. दिसायला झकास! पण सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकतो. पकड ढिली पडते, जोड तापतो आणि काही महिन्यांत टर्मिनल काळं होतं. त्यापेक्षा फेरूल, म्हणजे तारेच्या टोकावर चढवून दाबायची धातूची छोटी नळी, लावा. १ चौरस मिमीच्या तारेला १ चौरस मिमीचीच, मोठी घालून दाबायची नाही. ८ मिमीच्या नळीसाठी तार ८ मिमीपेक्षा किंचित जास्त सोला, टोकाला तांबं जरासं डोकावलं पाहिजे. सोलताना एकही तंतू तुटला तर टोक कापून परत सोला. दाबायला रॅचेट क्रिम्परच हवा, कारण दाब पूर्ण झाल्याशिवाय तो उघडतच नाही. पक्कडीने दाबलेली फेरूल दिसायला घट्ट, ओढली की हातात. टर्मिनलमध्ये बसवल्यावर या तारेने ३५ न्यूटनचा ओढा, म्हणजे साधारण साडेतीन किलोचं वजन, मिनिटभर सोसलं पाहिजे.

टॉर्कचंही, म्हणजे स्क्रू आवळायच्या पिळाचंही, तेच. एम-३ स्क्रूच्या टर्मिनलला बहुधा ०.५ ते ०.६ न्यूटन-मीटर पुरतो, नेमका आकडा ड्रॉइंगवर असतो. केळीचे घड उचललेलं मनगट साध्या स्क्रूड्रायव्हरने सहज त्याच्या पुढे जातं आणि आटे जातात. चार स्क्रूची प्लेट असेल तर समोरासमोरचे स्क्रू आधी अर्ध्या टॉर्कवर, मग पूर्ण. एका बाजूने आवळत गेलात तर प्लेट तिरकी बसते, शाफ्ट जड फिरतो आणि दोष मोटरला लागतो.

आणि स्टॅटिक, म्हणजे अंगावर साठणारी वीज. एप्रिल-मे मधली आपली कोरडी हवा त्याला फारच मानवते. अंगावरचा झटका आपल्याला साधारण ३००० व्होल्टनंतर जाणवतो, नाजूक आयसी (बोर्डावरची चिप) १०० व्होल्टलाही खराब होऊ शकते. गंमत म्हणजे बोर्ड टेस्टमध्ये पास होतो आणि गिऱ्हाइकाकडे जाऊन मरतो. कूलर हवा दमट करतो खरा, पण त्याचा झोत बोर्डावर नको, धूळ आणि तुषार दोन्ही येतात. ही वीज जमिनीत सोडणाऱ्या मनगटी पट्ट्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर (प्रवाह अडवणारा भाग) असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरही जात नाही, म्हणून रेझिस्टर काढून सरळ तार जोडायची नाही. पट्टा कातडीला चिकटून हवा, शर्टाच्या बाहीवर बांधलेला फक्त सुपरवायझरला दाखवायला.