डावखुऱ्यानं हरणावर जावं कसं

तर तुम्ही डावखुरे आहात, सोलापुरात राहता आणि हरीण मारायला परवडणारी बोल्टची रायफल शोधताय. यातली एक अडचण असती तरी माणूस बेजार झाला असता, तुम्ही तिन्ही एकदम अंगावर घेतल्यात. मी स्वतः डावखुरा आहे, होटगी रस्त्याला राहतो आणि आजवर डासापलीकडे काही मारलेलं नाही. तेव्हा सल्ला द्यायला माझ्याइतका लायक माणूस तुम्हाला जिल्ह्यात मिळायचा नाही.

आधी तुमचं दुःख समजून घेऊ, कारण ते खरं आहे. ज्या भाषेत टाळण्याला 'डावलणं' म्हणतात, त्या भाषेत आपण जन्मलो. प्रसादाला डावा हात पुढे केला की आज्जी उलथन्यानं फटका द्यायची. शिंप्याची कात्री आपल्या हातात कापत नाही, नुसती कापड चघळते. रायफलही त्याच कात्रीची थोरली बहीण.

बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा दांडा. नेहमीच्या रायफलीला तो उजवीकडे असतो. उजवा माणूस उजव्या हातानं चाप ओढतो, डाव्या हातानं पुढचं लाकूड तोलून धरतो. बार झाला की उजवा हात दांड्यावर: वर, मागे, पुढे, खाली. रिकामी पुंगळी बाहेर, नवं काडतूस आत, आणि एवढ्यात गाल दस्त्यावरून हललेलासुद्धा नसतो. आता तुम्ही. तुमचा डावा हात चापावर आणि दांडा पलीकडच्या अंगाला. मग भरल्या पंगतीत शेजाऱ्याच्या ताटावरून हात घालून मीठ घ्यावं तसा हात रायफलीवरून पलीकडे न्यायचा. तो दुर्बिणीच्या आड येतो, गाल उचलावा लागतो, नळी आभाळाकडे जाते. नाहीतर खालचा उजवा हात काढून दांडा ओढायचा, मग रायफल जमिनीकडे जाते. काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास पळतं. तुमची तीन सेकंदांची झटापट उरकेपर्यंत ते साठ-सत्तर मीटर पुढे गेलेलं असतं.

अमेरिकेत यावर उपाय आहे. तिथं उलट्या बोल्टच्या रायफली कारखान्यातूनच निघतात. सॅव्हेज कंपनीची 'ॲक्सिस' आणि रूगर कंपनीची 'अमेरिकन' ही त्यातली गरिबाघरची स्थळं, थोडक्या डॉलरांत जमतात. फिनलंडची टिक्का जरा वरच्या घरातली. डाव्या हातासाठी बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची मापं, मात्र मोजकेच काढतात. साडीच्या दुकानात आवडलेली किनार हव्या त्या रंगात नसते, तसंच हे. तरी हरणासाठी .२४३ किंवा .३०८ मिळून जाते, त्यातली .२४३ खांद्याला मऊ. तिकडचा माणूस मोसमाचा परवाना काढतो, किती मारायची ते ठरवून दिलेलं असतं तेवढीच मारतो आणि फ्रीजर भरून घरी जातो.

एवढं वाचून तुम्ही मोबाईलवर डॉलरचे रुपये करायला घेतले असतील. ठेवा तो मोबाईल. परदेशी रायफल मागवायचं दार सामान्य माणसाला १९८०च्या दशकातच बंद झालं. नामांकित नेमबाजांना ते किलकिलं आहे. तुम्ही नामांकित आहात, पण कट्ट्यावर.

उरली आपली स्वदेशी, बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५. तिच्या बोअरचीही गंमत आहे. .३०३ पडली लष्कराची, ती नागरिकाच्या हाती द्यायची नाही, म्हणून तिच्याच धाटणीच्या बंदुकीत दुसरं काडतूस बसवून ती लोकांना दिली. दांडा अर्थात उजवीकडे. डाव्या हाताची देता का, म्हणून एका बंदूकवाल्याला फोन केला तर तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "सायेब, हात बदला की, स्वस्त पडतंय."

समजा हात बदलला. आता परवाना. शहरात असाल तर पोलीस आयुक्तालय, गावाकडे असाल तर जिल्हाधिकारी कचेरी, वय एकवीस पूर्ण, नमुना ए-१ मधला अर्ज, वैद्यकीय दाखला, पोलिसांची चौकशी आणि घरात बंदूक नीट कुलपात राहील याची हमी. त्यात एक प्रश्न असतो: शस्त्र कशासाठी हवं? तिथं 'शिकार' लिहायचा मोह आवरा. शिकारीचे परवानेच १९९१ साली कायद्यातून काढून टाकलेत. बाकीचे सगळे लिहितात तसं 'स्वसंरक्षण' लिहा. कोणापासून, असं साहेबांनी विचारलं तर जुळे सोलापुरातली रात्रीची कुत्री सांगू नका, ते स्वतः तिथंच राहात असतील. शेतकरी असाल तर 'पीक संरक्षण' लिहिता येतं. पण त्यासाठी कायद्याच्या डोळ्यापुढे आहे ती तोंडानं ठासायची बंदूक, तुमच्या स्वप्नातली दुर्बीणवाली नव्हे. ठासणीच्या बंदुकीला बोल्ट नसतो, म्हणजे डाव्या-उजव्याचा तंटाच मिटला. पण तुम्ही ती घेणार नाही, कारण ती फोटोत चांगली दिसत नाही.

आता हरीण. सोलापुराहून बार्शीच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोक दिसेनासा होत गेला आणि काळविटं मात्र कळपानं उड्या मारतायत. तुम्ही म्हणाल, हेच हरीण. शास्त्राच्या हिशेबात तेही नाही. काळवीट हे कुरंग, त्याची पीळदार शिंगं जन्मभर डोक्यावर राहतात. दरसाल शिंगं गाळणारी खरी हरणं म्हणजे चितळ आणि सांबर, आणि त्यांना आपला माळ पसंत नाही. म्हणजे तुम्ही चुकीच्या हाताची रायफल घेऊन चुकीच्या प्राण्यावर चाललाय.

तरी गेलातच, तर परवडण्याचा हिशेब पुन्हा मांडू. काळवीट १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं, तीनच्या खाली न्यायाधीशालाही उतरता येत नाही, वर किमान पंचवीस हजार दंड. जोधपूरकडे १९९८ साली मारलेल्या काळविटांच्या खटल्यात एका मोठ्या सिनेनटाला २०१८ साली पाच वर्षांची सजा झाली आणि मग जामीन, अपील. वीस वर्षं वकील पोसायचे म्हणजे रायफलीची किंमत त्यात चहापाण्याच्या खर्चात जाईल. तेव्हा दुकानदाराशी पाचशे रुपयांसाठी घासाघीस करू नका, शोभत नाही.

खरं सांगू का, तुम्हाला हरीण नकोच आहे. हे मला मागच्या थंडीत हुरड्याला कळलं. आगटीभोवती आम्ही दहाजण, ताटात गरम हुरडा, शेंगाची चटणी, गूळ. एकानं आजोबांच्या बंदुकीचा विषय काढला. अर्ध्या तासात प्रत्येकाच्या आजोबांकडे बंदूक निघाली, आणि प्रत्येक आजोबा एका गोळीत दोन हरणं पाडत होते. माझ्या आजोबांकडे मागावर चादरी विणणारे दोन हात होते. ते सांगितलं तर माझ्याकडचा हुरडा दुसऱ्याच्या ताटात गेला.

तेव्हा तुम्हाला हवी आहे ती गोष्ट आणि फोटो. मग डाव्या हाताची सगळ्यात स्वस्त रायफल माझ्याकडे आहे. गड्ड्याच्या यात्रेतून लाकडी खेळण्यातली बंदूक घ्या, दांडा उजवीकडे असलेलीच. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात आरशासारखा फोटो निघायची सोय चालू करा आणि काढा. दांडा आपोआप डावीकडे. फक्त मागे जीप उभी करू नका, तिच्यावरचं 'आईचा आशीर्वाद' उलटं येतं. आणि खऱ्या बंदुकीवर हा प्रयोग नको. दुसऱ्याची परवान्याची बंदूक हातात घेऊन स्टेटस ठेवणारे पुढचा फोटो ठाण्यात काढून येतात.

गड्ड्यावर जाणारच आहात तर फुगे फोडायच्या बंदुकीपाशीही थांबा. ती मधोमध मोडून छर्रा भरायची, दांडा नाही, डावं-उजवं नाही. मी डाव्या खांद्याला लावली. दहा छर्ऱ्यांत एक फुगा फुटला, तोही शेजारच्या रांगेतला. बंदुकीची माशी, म्हणजे नेम धरायचा टोकावरचा खुंट, वाकडी असते हे सगळ्या सोलापूरला माहीत आहे, पण एवढी? बंदूकवाला पोरगा बघत होता.

"काय बे काका, डावरा हाईस व्हय? दोन्ही हात लांब कर. बोटात बारकं भोक धर. त्यातनं त्यो लाल फुगा बघ. आता एक डोळा झाक."

उजवा झाकला, फुगा गायब. डावा झाकला, फुगा जागेवर. हात डावा आणि मालक डोळा उजवा. नेम धरतो तो डोळा, हात नुसता हमाल. म्हणजे मी जन्मभर ज्या उलट्या बोल्टसाठी जगाला शिव्या घातल्या, तो मला लागतच नव्हता. तुम्हीही हे घरी करून बघा. पण अमेरिकेला दोष द्यायचा सगळा आनंद संपला तर मला बोलू नका.

एवढं होऊनही हौस फिटली नसेल तर नान्नजकडच्या एका शेतावर माझ्याबरोबर चला. ज्वारी पोटऱ्यात आली की तिथले तात्या संध्याकाळी बांधावर बसतात. तात्याही डावरे. कमरेला सुतळीची गोफण, पायाशी खड्यांचा ढीग. गोफणीला डावी-उजवी नसते, परवाना नसतो आणि ती घरी वळता येते. गेल्या खेपेला पंधराएक काळविटं ज्वारीत शिरली तसे तात्या उठले. गोफण डोक्यावरून दोनदा फिरली, खडा कळपाच्या अलीकडे धप्पकन पडला, वर एक "हाऽऽ". कळप तारेवरून उधळला. शेवटचं, काळ्या पाठीचं, उगाच एक उडी जास्त मारून गेलं.

दोनशे पावलांवर जाऊन सगळी उभी राहिली आणि वळून आमच्याकडे बघू लागली. माझा हात आपोआप खांद्याकडे गेला. तात्यांनी ते बघितलं, गोफण गुंडाळली आणि तंबाखूची चंची काढली.

"बसा," म्हणाले. "येतेत परत."