मुलींचा बास्केटबॉल आणि क्लबांचा मोह

महाराष्ट्रातली शालेय खेळांवरची चर्चा दरवर्षी त्याच प्रश्नांभोवती फिरते. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण ठेवावेत की काढावेत? सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण खऱ्या खेळाडूंपर्यंत पोहोचतं का? पीटीचा तास गणिताच्या सरांनी घेतला तर दाद कुणाकडे मागायची? मग कुणीतरी म्हणतं, "अमेरिकेत बघा, गावोगावी मुलींचे क्लब आहेत." न्यू जर्सीतून हे वाचताना खटकतं. इथून घेण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातलं क्लबांकडे फार थोडं आहे. क्लब म्हणजे इथले कोचिंग क्लास. काही उत्तम, बरेच बेताचे, आणि पैसे मात्र सगळेच घेतात.

इथे मुलीला बास्केटबॉल खेळायचा असेल तर आधी पायऱ्या समजून घ्याव्या लागतात. सगळ्यात खाली गावाच्या रिक्रिएशन विभागाची लीग असते. नाव नोंदवलं की प्रवेश मिळतो. फी साधारण शंभर-दोनशे डॉलर, आठवड्यात एक सराव आणि शनिवारी शाळेच्या जिममध्ये एक सामना. हिवाळी हंगामाची नोंदणी बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकते, त्यामुळे दिवाळीनंतर चौकशी करणाऱ्यांना बऱ्याचदा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. त्याच्या वर गावाचा ट्रॅव्हल संघ. त्यात निवड चाचणी असते, गावात राहणाऱ्या मुलींनाच घेतात आणि सामने शेजारच्या गावांशी होतात. त्यानंतर खासगी क्लब, ज्यांना सगळे सरसकट 'एएयू' म्हणतात. अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन ही १८८८ साली स्थापन झालेली संस्था. क्लब तिच्याकडे नोंदणी करतात आणि तिच्या स्पर्धांत खेळतात, पण कोच कसा आहे याची हमी त्या तीन अक्षरांत नसते.

शाळेचा संघ या सगळ्यांपासून वेगळा. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना मुलींना खेळात समान संधी देणं बंधनकारक केलं. त्याआधी अमेरिकेत माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या, आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. २०२४ मध्ये महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलची अंतिम लढत टीव्हीवर पुरुषांच्या अंतिम लढतीपेक्षा जास्त लोकांनी पाहिली. त्यामागे शाळांच्या जिममध्ये घडलेलं पन्नास वर्षांचं काम आहे.

आठ-नऊ वर्षांच्या मुलीला थेट क्लबात घालण्याची इथल्या मराठी घरांत जी घाई दिसते, ती मला पटत नाही. एनबीए ही व्यावसायिक लीग आणि यूएसए बास्केटबॉल ही राष्ट्रीय संघटना यांनी वयानुसार शिफारशी काढल्या आहेत. सात-आठ वर्षांसाठी रिंग आठ फुटांवर आणि पाच नंबरचा चेंडू, नऊ ते अकरा वर्षांसाठी रिंग नऊ फुटांवर आणि त्याहून मोठा, सहा नंबरचा चेंडू. बाराव्या वर्षापासून दहा फुटांची रिंग आणि मुलींसाठी सहा नंबरचा चेंडू. याला कारण आहे. जड चेंडू उंच रिंगपर्यंत पोहोचवायला लहान मुलगी तो कमरेपासून ढकलते. कोपर बाहेर जातं, अंग वळतं आणि तीच सवय हाताला बसते. चौदाव्या वर्षी ती मोडणं पहिल्यापासून शिकण्यापेक्षा अवघड जातं.

बाराच्या आतल्या मुलींना झोन डिफेन्स, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग अडवणं, शिकवू नये, असंही त्याच शिफारशी सांगतात. तरी चौथीच्या मुलींच्या स्पर्धेत झोन लावून करंडक नेणारे क्लब दिसतातच. त्या वयात लांबचा पास पोहोचत नाही आणि बाहेरून शॉट लागत नाही, म्हणून पाच जणींना रिंगखाली उभं केलं की समोरचा संघ अडकतो. करंडक मिळतो, पण समोरच्या एका खेळाडूला पायांनी कसं अडवायचं हे त्या मुली शिकतच नाहीत. क्लब निवडायचा असेल तर करंडकांचे फोटो बाजूला ठेवून एक सराव पूर्ण बघा. दीड तासात प्रत्येक मुलीच्या हातात चेंडू किती वेळ होता आणि रांगेत उभं राहण्यात किती वेळ गेला, एवढं मोजलं तरी पुरे.

निवड चाचणी तास-दीड तासाची असते आणि पाठीवर नंबर लावतात. दोन्ही हातांनी ले-अप (धावत रिंगजवळ जाऊन मारलेला शॉट), वाकलेल्या गुडघ्यांनी आडवं सरकत डिफेन्स, मग तीन विरुद्ध तीन आणि पाच विरुद्ध पाच. आधीचे पाच-सहा आठवडे रोज पंधरा मिनिटं डाव्या हाताने ड्रिबल केलं तर फरक दिसतो, कारण या वयातल्या बहुतेक मुली तिथेच अडकतात. चेंडू हातून गेल्यावर कोण धावत मागे परततं आणि कोण मैदानावर मोठ्याने बोलतं, याकडेही कोचचं लक्ष असतं. 'हळू बोल' ऐकत वाढलेल्या आपल्या मुली नेमक्या इथे मागे पडतात. सहकारी मुलीला 'स्क्रीन आली', म्हणजे समोरची खेळाडू तुझी वाट अडवून उभी आहे, हे ओरडून सांगण्याचा सराव घराच्या अंगणातही करता येतो.

हायस्कूलच्या मुलींसाठी हिवाळा शाळेचा असतो. क्लबच्या चाचण्या फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात आणि स्पर्धा एप्रिल ते जुलै चालतात. शाळेचा हंगाम सुरू असताना बाहेरच्या संघातून खेळलं तर अनेक राज्यांत शाळेच्या संघातली पात्रता धोक्यात येते, म्हणून आधी शाळेच्या क्रीडा संचालकांना विचारावं. एएयूच्या सदस्यत्वाचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपतं. जन्मदाखला आणि प्रगतिपुस्तक हाताशी लागतं. भारतात जन्मलेल्या मुलीचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्या. न्यू जर्सीत शाळेच्या संघासाठी डॉक्टरांची तपासणी ३६५ दिवसांच्या आतली लागते.

क्लबची हंगामाची फी काहीशे डॉलरपासून काही हजारांपर्यंत जाते. त्यात किती स्पर्धा, किती सराव, गणवेश आहे की नाही, हे लेखी मागा. सामने बघायला पालकांचं तिकीट सहसा वेगळं असतं. मोठ्या स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहण्याची अटही असते. मुलगी जखमी झाली तर फी परत मिळेल का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं. संघात मुली किती, हेही तितकंच महत्त्वाचं. ३२ मिनिटांचा सामना, मैदानात पाच जणी, म्हणजे वाटायला १६० मिनिटं. दहा मुली असतील तर समान वाटणीत प्रत्येकीला १६ मिनिटं येतात, चौदा असतील तर जेमतेम अकरा. आणि वाटणी समान क्वचितच असते.

'कॉलेजची शिष्यवृत्ती मिळेल' या आशेवर हा खर्च करणाऱ्यांनी हिशेब करावा. शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी चार-पाच जणी एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या कुठल्यातरी श्रेणीत खेळतात, पहिल्या श्रेणीत एखादी. तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजं आणि आयव्ही लीग विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

दुखापतीबद्दल क्लबांत बोललं जातं त्यापेक्षा जास्त बोलायला हवं. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. उडी मारून उतरताना गुडघे आतल्या बाजूला झुकणं हे त्याचं एक मोठं कारण. आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा मिनिटांचा ठरावीक वॉर्म-अप, म्हणजे वाकून मऊ उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, एवढ्याने हा धोका बराच घटतो. शनिवार-रविवारात पाच सामने लावणाऱ्या क्लबाला या वॉर्म-अपबद्दल विचारा. आठवड्यात एक पूर्ण दिवस विश्रांती हवीच.

कोचच्या बाबतीत इथली व्यवस्था जे धडे शिकली, त्यांची किंमत मुलींनी मोजली. जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याचे लैंगिक अत्याचाराचे गुन्हे उघड झाल्यावर २०१८ मध्ये 'सेफस्पोर्ट' कायदा आला. प्रौढ व्यक्ती आणि अल्पवयीन खेळाडू यांची भेट इतरांना दिसेल आणि कुणालाही मध्ये येता येईल अशीच व्हावी, मेसेजमध्ये पालक किंवा दुसरी प्रौढ व्यक्ती असावी, असे नियम आता लिहिलेले आहेत. कोचकडे यूएसए बास्केटबॉलचं लायसन्स आहे का ते विचारा. त्यासाठी पार्श्वभूमीची पडताळणी आणि सेफस्पोर्टचं प्रशिक्षण लागतं. खेळातल्या छळाच्या तक्रारी तपासणाऱ्या सेफस्पोर्ट केंद्राची कारवाई झालेल्यांची यादी इंटरनेटवर कुणालाही शोधता येते. कोचचं नाव तिथे टाकून पाहण्यात संकोच कसला? जानेवारी २०२३ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत महिला कुस्तीगीर रस्त्यावर बसल्या, त्यानंतर २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित खेळाचं धोरण आलं. पण तालुक्याच्या मैदानावरचा नियम दिल्लीहून यायची वाट कशाला पाहायची? 'एकट्या मुलीचा बंद खोलीत सराव किंवा बैठक नाही' ही पाटी शाळा उद्या लावू शकते.

क्लब महाराष्ट्राला नवे नाहीत. पुण्याचं डेक्कन जिमखाना, नागपूरची मैदानं, मुंबईत नागपाड्याचं मस्तान वायएमसीए, इथे पिढ्या खेळल्या. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. कमी आहे ती सामन्यांची. शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. जिल्ह्यात पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाची मुलगी वर्षभर सराव करून एक सामना खेळते, आणि क्रीडागुण स्पर्धेच्या पातळीवरून मोजले जात असल्याने तिच्या हाती काहीच लागत नाही. न्यू जर्सीच्या रिक्रिएशन लीगमधली सगळ्यात कच्ची मुलगीही हंगामभर दर शनिवारी खेळते.

म्हणून माझी मागणी साखळी पद्धतीची आहे. तालुक्यातल्या आठ शाळांचे मुलींचे संघ घेतले तर पूर्ण साखळीचे २८ सामने होतात. एका मैदानावर दर रविवारी सकाळी सात ते अकरा चार सामने लावले की प्रत्येक संघ आठवड्याला एकदा खेळतो आणि सात रविवारांत साखळी पुरी होते. दोन पंच, गुणलेखक, घड्याळ सांभाळणारं एक माणूस आणि सहा नंबरचे दोन चेंडू, एवढीच सामग्री लागते. वाढीव गुण ठेवायचेच असतील तर मुलगी किती सामन्यांत मैदानात उतरली हेही त्यात मोजावं. गुणलेखकाच्या वहीत ते लिहिलेलं असेलच.